'संशयकल्लोळ' ऐकताना : गाण्यांच्या मधलं नाटक

गोविंद बल्लाळ देवलांचं 'संशयकल्लोळ' आपल्या लष्करातल्या मराठी घरांत सगळ्यांना माहीत आहे असं आपण धरून चालतो. खरं तर माहीत असतात ती त्यातली गाणी. बाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांतल्या कुणालाही विचारा, चार-पाच पदं लगेच गुणगुणून दाखवतील, कुणी कुठली तान कशी घेतली तेही सांगतील. पण रेवतीला घेरी आली तेव्हा तिला सावरलं कोणी, तसबीर कुणाची आणि ती सापडली कुणाला, असं विचारलं की गाडी अडते. एकाने तर मला सरळ सांगितलं, "अहो, गोष्ट काय, नवरा-बायकोचं भांडण आहे. मजा गाण्यांत आहे."

या टिपणात मला त्याच्या नेमकं उलट म्हणायचं आहे. 'संशयकल्लोळ' हे मराठीतलं कानाने ऐकण्याजोगं सर्वांत चांगलं प्रेमाचं आणि हसण्याचं नाटक आहे, आणि ते तसं आहे ते गाण्यांच्या मधल्या गद्यामुळे. आपण ते गद्य ऐकलं नाही याला आपली आवड जितकी कारणीभूत, तितकीच यंत्रंही. मी मूळचा इंजिनियर. रागदारीतलं मला फार कळत नाही, इथल्या जाणकारांसमोर त्याबद्दल बोलायची माझी छातीही नाही. पण आवाज यंत्रातून जाताना त्याचं काय होतं, हा माझा जुना विषय. त्या बाजूने या नाटकाकडे बघतो.

आधी तेवीस वर्षं गाण्यांशिवाय

पहिली गोष्ट, जी नाट्यसंगीताच्या प्रेमात आपण विसरतो: हे नाटक जन्माला आलं तेव्हा त्यात पदं नव्हती. १८९३ मध्ये देवलांनी 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' या नावाने ते गद्यात लिहिलं. आधार होता आर्थर मर्फी या लेखकाच्या 'ऑल इन द राँग' या १७६१ च्या इंग्रजी प्रहसनाचा, आणि मर्फीनेही मूळ कल्पना घेतली होती मोलिएरच्या १६६० च्या 'स्गानारेल' या फ्रेंच नाटकातून. पुढे देवलांनी त्यात पदं घातली आणि १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने ते 'संगीत संशयकल्लोळ' म्हणून रंगभूमीवर आणलं. बालगंधर्व रेवती, गणपतराव बोडस फाल्गुनराव. देवल त्याच वर्षी वारले.

म्हणजे तेवीस वर्षं हे नाटक नुसत्या बोलण्यावर उभं होतं. ज्या इमारतीला मागाहून सज्जे आणि कमानी जोडल्या, तिचा भार जुन्या भिंतीच पेलत असतात. इथे त्या भिंती म्हणजे संवाद.

पात्रांची नावं बघा. फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, भादव्या हे महिने. कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा ही नक्षत्रं. सगळं पंचांग रंगमंचावर उतरवलंय. नुसतं ऐकताना या नावांचा उपयोग जास्त कळतो. प्रत्येक नाव कानाला वेगळं लागतं, एकाची दुसऱ्याशी गल्लत होत नाही. चेहरे दिसत नसताना कोण कुणाबद्दल बोलतंय हे लक्षात ठेवायला याहून सोपी युक्ती नाही. देवलांनी ती रेडिओसाठी केली नव्हती हे उघड आहे, तेव्हा रेडिओ नव्हताच. पण आयती कामाला आली.

नाटक बाड्यापर्यंत कसं पोचलं

लष्कर हे नावच सांगतं की हे गाव छावणीतून उभं राहिलं. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला, आणि त्या तळाची वस्ती झाली. चिटणीसांची गोठ, महाडिकांची गोठ, शिंद्यांची छावणी, फालका बाजार ही नावं आजही पत्त्यांत आहेत. 'गोठ' म्हणजे आपला 'गोट', सैन्याचा तळ. हिंदीभाषक शेजारी तो शब्द रोज वापरतात आणि तो मराठी आहे हे त्यांना ठाऊकही नसतं. या वस्तीच्या मधोमध बाडा: गोरखी, टपाल कचेरी, बँकेची इमारत, व्हिक्टोरिया मार्केट, आणि जिथे पुढे रीगल टॉकीज चालली तो टाउन हॉल.

अशा गावात मराठी नाटकाची भूक असणारच. ती भागवायला दाल बाजारातलं आर्टिस्ट्स कंबाइनचं नाट्यमंदिर आहे, स्थानिक हौशी मंडळींनी ते उभं ठेवलं हे आपलं भाग्य. १९६१ चं मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरला भरलं, कुसुमावती देशपांडे अध्यक्ष होत्या, आणि त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. राजकवी भा. रा. तांबे याच गावचे. तेव्हा इथे मराठी वाचणारा आणि ऐकणारा वर्ग नव्हता असं कुणी म्हणू नये.

पण पुण्या-मुंबईच्या माणसाला संगीत नाटक जितक्या वेळा बघायला मिळतं, तितक्या वेळा ते इथे मिळणं शक्यच नव्हतं. मधली वर्षं नाटक आपल्याकडे आलं ते यंत्रातून: तबकडी, रेडिओ, कॅसेट. म्हणून आपल्यासाठी 'ऐकलेलं नाटक' ही नाटकाची दुय्यम प्रत नव्हती, तेच नाटक होतं. आता ते कुठल्या चाळणीतून गाळून आलं ते बघू.

तीन चाळण्या

पहिली चाळणी वेळेची. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन ते साडेतीन मिनिटं मावत. एवढ्यात एक पद नीट बसतं, थोडी कापाकापी केली की आलापीसकट बसतं. पण फाल्गुनराव आणि कृत्तिका यांचा एक प्रवेश? तो मावत नाही. त्यांच्या भांडणात मजा येते ती संशय वाढत जाण्यात, आणि वाढायला वेळ लागतो. अर्ध्या वाटेवर तबकडी उलटायला उठलात की हसू गेलं. म्हणून बाजाराने गाणी उचलली आणि गद्य रंगमंचावर सोडून दिलं. मोठी तबकडी, म्हणजे एका बाजूला वीसेक मिनिटं वाजणारी, अमेरिकेत आली १९४८ मध्ये. तोपर्यंत संगीत नाटकाचा सुवर्णकाळ होऊन गेला होता.

दुसरी चाळणी सुरांच्या पट्ट्याची. १९२५ च्या सुमारास विजेचा मायक्रोफोन वापरात येईपर्यंत गायक एका कर्ण्यासमोर उभा राहून गात असे, आणि त्याच्या आवाजाच्या जोरावरच सुई खाच कोरत असे. त्या पद्धतीत साधारण २०० ते २,००० हर्ट्झ एवढाच पट्टा बऱ्यापैकी उमटे. गाण्याचा मूळ सूर त्यात येतो. पण बोलण्याचा अर्थ राहतो व्यंजनांत, आणि 'स', 'श' या घर्षण करणाऱ्या वर्णांची खरी ताकद असते ४,००० हर्ट्झच्या वर. म्हणजे 'संशय' हा शब्दच घ्या. या नाटकाचा अख्खा प्राण ज्या शब्दात, त्याचे दोन्ही वर्ण कर्ण्याला ऐकूच येत नव्हते म्हणा ना! गाताना चाल माहीत असते, म्हणून शब्द अर्धवट आला तरी कान तो भरून काढतो. बोलण्याला चाल नसते, तिथे ही उधारी चालत नाही.

तिसरी चाळणी खास आपली, अंतराची. ग्वाल्हेरचं आकाशवाणी केंद्र १९६४ मध्ये सुरू झालं, पण ते हिंदी मुलखाचं केंद्र. मराठी कार्यक्रम ऐकायचा तर नागपूर किंवा मुंबई. नागपूर इथून सरळ रेषेत सुमारे ५७० किलोमीटर, मुंबई सुमारे ९७०. दिवसा मध्यम लहरी इतक्या लांब पोचत नाहीत, कारण वातावरणाचा खालचा विद्युतभारित थर त्यांना शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, मग लहरी वरच्या थरावर आपटून परत जमिनीवर येतात, आणि शेकडो किलोमीटरवरचं केंद्र एकदम लागतं. म्हणून मराठी नाटक ही आपल्याकडे रात्रीची गोष्ट होती. पण या वाटेने येणारा आवाज चढतो-उतरतो. दहा सेकंद स्पष्ट, पुढची दहा सेकंद विहिरीतून आल्यासारखा. गाण्याच्या मध्ये असं झालं तर आपण मनात सम गाठतो आणि पुढे जातो. संवादात नेमकं 'कुणाच्या हातात' हे शब्द बुडाले, की पुढचा प्रवेश समजत नाही.

या तिन्ही चाळण्यांच्या जाळीतून गाणं सुटून आलं, गद्य अडकलं. यात कुणाचा कट नव्हता, पण परिणाम मात्र असा झाला की पिढ्यान्‌पिढ्या 'संशयकल्लोळ' म्हणजे पदांची यादी. यंत्र कधी येतं त्यावर इतिहासात कुणाचा आवाज राहणार ते ठरतं. 'सौभद्र'मधले भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले, आणि ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक कलकत्त्याला उतरला १९०२ मध्ये. ज्या आवाजावर एक जमाना वेडा झाला तो आवाज एवढ्याशा फरकाने कायमचा हरवला. फाल्गुनरावाच्या गद्याचं तसंच, फक्त ते हळूहळू झालं.

आणि चौथी गोष्ट आपली स्वतःची. ज्या गावात हद्दूखाँ-हस्सूखाँ गायले, जिथून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ख्याल महाराष्ट्रात नेला, जिथे रामकृष्णबुवा वझे शिकले, त्या गावाचा कान गाण्याकडे झुकणारच. आपण ग्वाल्हेरवाले नाटक ऐकतानाही बैठकीला बसल्यासारखे बसतो. पद आलं की ताठ, गद्य आलं की पानाचा डबा उघडतो. हे प्रेमानेच सांगतोय, पण सांगायला हवं.

आता नाटक ऐकू

मध्यंतरी मंडळातल्या एका सभासदांकडून दोन जुन्या कॅसेट हाती आल्या. नव्वद मिनिटांच्या, रेडिओवरून घरी उतरवून घेतलेलं 'संशयकल्लोळ', संवादांसकट. सुरुवातीची नावांची घोषणा कापली गेलेली, त्यामुळे कलाकार कोण, केंद्र कुठलं, साल कुठलं, कशाचाच पत्ता नाही. पदं थोडी आखूड केलेली आहेत, गद्य मात्र भरपूर ठेवलंय. आम्ही बाराएक जण ते सलग बसून ऐकलं. जे सांगतो ते त्या ऐकण्यावरून.

या नाटकातला प्रत्येक घोटाळा डोळ्यांनी केलेला आहे. रेवतीला रस्त्यात घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो, आणि कृत्तिका हे बघते. रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर तिथे पडते, ती कृत्तिकेला सापडते, ती न्याहाळत असताना फाल्गुनराव बघतो. पुढे ती तसबीर या हातातून त्या हातात जाते आणि प्रत्येक हातात नवा संशय पेटवते. कुणी खोटं बोलत नाही, कुणाचं वाकडं पाऊल पडलेलं नाही, तरी चारही माणसं पेटलेली. कारण प्रत्येकाने काहीतरी 'स्वतःच्या डोळ्यांनी' बघितलंय.

नाट्यगृहात आपणही ते बघतो. फाल्गुनरावाने रेवतीला कसं धरलं, हात कुठे होता, ते दिसतं. आपण साक्षीदार असतो, म्हणून पात्रांच्या गैरसमजाला वरून हसतो. ऐकताना मात्र आपण आंधळे. रेवतीचा अस्फुट आवाज, पावलांची गडबड, फाल्गुनरावाचे दोन-चार शब्द, एवढंच मिळतं. लगेच पुढे कृत्तिकेचा आवाज येतो आणि तिने काय बघितलं ते ती तिच्या पद्धतीने सांगते. क्षणभर तुमच्याही मनात येतं, खरंच काही होतं की काय? मला हे फार महत्त्वाचं वाटलं. ऐकणाऱ्याकडे पुरावा नसतो, फक्त जबान्या असतात. प्रत्येक जबानी मनापासून दिलेली आणि प्रत्येक चुकीची. मग खरं काय ते ओळखायचं कशावरून? आवाजावरून. रेवती अश्विनशेठबद्दल बोलते तेव्हाचा तिचा आवाज खरा आहे हे कानाला कळतं. कृत्तिका ओरडते त्यामागे नवऱ्यावरची माया आहे हेही कळतं. डोळ्यांनी केलेला घोटाळा कान सोडवतो, असा काहीसा प्रकार या ऐकण्यात होतो, आणि तो रंगमंचावर होत नाही.

रेडिओसाठीच लिहिलेलं पहिलं नाटक म्हणून ज्याचा उल्लेख होतो, ते रिचर्ड ह्यूज यांचं 'डेंजर', १९२४ मध्ये बीबीसीवर झालं. ते घडतं कोळशाच्या खाणीत, दिवे गेलेले असताना. लेखकाने विचार केला, ऐकणाऱ्याला दिसत नाही तर पात्रांनाही दिसू नये. युक्ती चोख आहे. पण देवलांच्या नाटकात उलटी गंमत होते: पात्रांना लख्ख दिसतंय आणि त्यामुळेच ती चुकताहेत, आपल्याला काही दिसत नाही म्हणून आपण वाचतो.

दुसरी गोष्ट स्वगताची. फाल्गुनराव सारखा स्वतःशी बोलतो. रंगमंचावर नट ते प्रेक्षकांकडे तोंड करून, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणतो. आपण ते संकेत म्हणून मान्य करतो. आमच्या टेपवरचा नट मात्र मायक्रोफोनच्या अगदी जवळ येऊन, जवळजवळ कुजबुजत बोलतो. जवळून घेतलेल्या आवाजात खोलीचा घुमारा नसतो, त्यामुळे तो माणूस आपल्याच डोक्यात बोलतोय असं वाटतं. आणि इथे एक चमत्कारिक गोष्ट झाली. पहिल्या दोन-तीन स्वगतांना आम्ही हसलो. पुढे हसू कमी होत गेलं. संशयाने पोखरलेला माणूस इतक्या जवळून ऐकला की तो विनोदी राहत नाही. कीव येते, थोडी भीतीही वाटते.

मला लगेच आठवलं ते देवलांचं 'झुंजारराव'. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चं हे रूपांतर त्यांनी १८९० मध्ये केलं. तिथे एक रुमाल चुकीच्या हातात सापडतो आणि निरपराध बायकोचा जीव जातो. तीनच वर्षांनी 'तसबिरीचा घोटाळा': एक तसबीर चुकीच्या हातात सापडते आणि शेवटी लग्न होतं. एकाच लेखकाने एकाच रोगाची दोन टोकं लागोपाठ लिहिली. गाण्यांच्या मैफलीत हे नातं कधी लक्षात येणार नाही. फाल्गुनरावाची कुजबुज ऐकली की येतं. त्याच्या आणि झुंजाररावाच्या मध्ये अंतर फार नाही. वाचवतो तो योगायोग, आणि कृत्तिकेचं तोंड! ती गप्प बसून सोसत नाही, तितक्याच जोरात उलटा संशय घेते. दोघंही सारखेच चुकलेले असल्यामुळे कुणाचा बळी जात नाही. हसण्याचं नाटक हसण्याचं राहतं ते या बरोबरीमुळे.

तिसरी गोष्ट रेवतीची. ती नायकिणीच्या घरातली मुलगी आहे, आणि तिला एका माणसाशी लग्न करून संसार करायचा आहे. फाल्गुनरावावरचा संशय फिटला की तो पुन्हा प्रतिष्ठित गृहस्थ. रेवतीवरचा संशय फिटला नाही तर? जग आधीपासून तिच्याबद्दल तेच म्हणायला टपलेलं आहे. अश्विनशेठ एका क्षणी तिच्यावर अविश्वास दाखवतो तेव्हा तो प्रियकराचा रुसवा राहत नाही, तिच्या सगळ्या आयुष्यावरचा निकाल होऊ शकतो. देवल म्हणजे 'शारदा' लिहिणारे देवल, त्यांना हे कळत नव्हतं असं कसं म्हणावं? रंगमंचावर रेवतीचा शालू, दागिने आणि पुढे येणारं पद यांत हे झाकलं जातं. टेपवर त्या प्रवेशात रेवती करणारी बाई उत्तर द्यायला जरा वेळ घेते. दोन-तीन सेकंदांची शांतता. आमच्यातल्या एक काकू पटकन म्हणाल्या, "आता काय बोलणार ती!" त्या शांततेसाठी मी अख्खी टेप पुन्हा ऐकेन.

काय हरवतं

ऐकण्यात सगळी कमाईच असते असं मात्र म्हणता येणार नाही. भादव्यासारख्या नोकराचं अर्धं काम अंगात असतं, नुसतं ऐकताना तो फिका पडतो. शेवटच्या प्रवेशात सगळे एकत्र येतात तेव्हा आवाजांची गर्दी होते, कोण कुठे उभं आहे ते कळत नाही, आणि आमच्या टेपवर तर तिथेच पट्टी थोडी ताणली गेली आहे. उलगडा होतो तो आनंद चेहऱ्यांवर बघायचा असतो, तो मिळत नाही.

शिवाय हसू. स्टुडिओत प्रेक्षक नसतात. विनोदानंतर जी जागा नट हसण्यासाठी सोडतो ती रिकामी राहते, किंवा नट ती सोडतच नाही आणि पुढच्या वाक्यावर जातो. एकट्याने हेडफोन लावून ऐकलं तर हे नाटक निम्मं विनोदी वाटतं. बाराजणांत ऐकलं तेव्हा ती जागा आम्ही भरली. म्हणून माझा आग्रह आहे की हे एकट्याने ऐकू नये. पॅरिसमध्ये १८८१ मध्येच टेलिफोनच्या तारेवरून ऑपेरा ऐकवण्याचा प्रयोग झाला होता, लोक कानाला रिसीव्हर लावून उभे होते. तेही एका दालनात, एकमेकांच्या शेजारी. नाटक ऐकायचं असलं तरी शेजार लागतो.

एक शब्द गाण्यांच्या बाजूनेही बोलायला हवा. गद्याच्या मध्ये पद ऐकलं की ते वेगळंच लागतं. संशयाने कान किटले असताना रेवती गायला लागते तेव्हा तो आवाज म्हणजे या घोटाळ्यातलं एकमेव निश्चित सत्य वाटतं. तेच पद संकलनात, आधी एक आणि नंतर एक पद असताना ऐकलं तर सुंदर वाटतं, पण त्यात पणाला काही लागलेलं नसतं. तेव्हा गद्य ऐकल्याने गाण्याचं काही कमी होत नाही, उलट त्याची किंमत कळते.

हे आपल्याला का हवं

आपल्या घरांतली तिसरी-चौथी पिढी मराठी समजते, तुटकी बोलते, वाचत जवळजवळ नाही. लिपी एकच असूनही वाचत नाही. बाड्यावरच्या दुकानात, शाळेत, नोकरीत हिंदी. मुलं 'कल्लोळ'ला 'कल्लोल' म्हणतात, कारण 'ळ' त्यांच्या कानावर पडतोच कुठे? पदं ऐकून 'ळ' येत नाही, तानेत तो वाहून जातो. तो येतो बोलण्यातून, चिडलेल्या, लाडात आलेल्या, टोमणा मारणाऱ्या बोलण्यातून. कृत्तिकेच्या तोंडचं गद्य म्हणजे अशा मराठीचा वाहता नळ आहे. आमच्या बैठकीत दोन कॉलेजची मुलं होती. त्यांना पदांचं फारसं काही वाटलं नाही, पण कृत्तिकेच्या टोमण्यांना ती सर्वांत आधी हसली. समजलं म्हणून हसली. भाषा जिवंत आहे की नाही याची याहून सोपी चाचणी मला ठाऊक नाही.

आता वेळेची अडचण नाही, पट्ट्याची नाही, अंतराची नाही. फोनवर तीन तासांचं नाटक मावतं. राहिली आहे ती फक्त आपली सवय, आणि कपाटांतल्या कॅसेट. लष्करातल्या अनेक घरांत अशा टेप पडून आहेत. दमट पावसाळ्यात त्यांच्यावर बुरशी चढते, पट्टीवरचा चुंबकीय थर सुटू लागतो. म्हणून सभासदांना काही कामाच्या सूचना.

कॅसेट सापडली तर आधी वाजवू नका. बुरशी किंवा चिकटपणा दिसला तर जाणकाराला दाखवा, कारण खराब पट्टी एकदा वाजवली तरी कायमची जाऊ शकते. डिजिटल प्रत करताना किमान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि न आवळलेली वेव्ह फाइल ठेवा. खरखर काढण्याच्या नादात आवाज 'स्वच्छ' करू नका. ती खरखर आणि आपले 'स', 'श' एकाच पट्ट्यात राहतात, एक काढताना दुसरे जातात. मूळ प्रत जशी आहे तशी ठेवून, ऐकण्यासाठी वेगळी करा. गाणी वेगळी कापून गद्य पुसण्याचा मोह तर मुळीच नको. आणि वेष्टनावर जे लिहिलं असेल, तारीख, केंद्र, कुणाच्या घरी उतरवलं, ते टिपून ठेवा. काहीच लिहिलं नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा.

आमच्या त्या दोन कॅसेटची प्रत झाली आहे. ज्या कुणाला तो फाल्गुनराव किंवा ती थांबून बोलणारी रेवती आवाजावरून ओळखता येईल, त्यांनी येऊन ऐकावं. नावं कळली तर ती इथे छापू.